गोटीरामच्या पॉलिसीवरचं नाव

मळा, ता. निफाड
४ जून २०२५

ती. उज्वलाताईंना
रूपालीचा नमस्कार.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. येत्या दिवाळीला पाच वर्षं होतील. म्हणून पत्र लिहिते. पोस्टातल्या बाईंनी पाकीट देताना विचारलं, हल्लीच्या काळात कुणाला पत्र लिहिता वहिनी? म्हटलं, नणंदेला. मग त्यांनी गोंदाची बाटलीही माझ्याकडे सरकवली. त्यांनाही नणंद असणार.

कामाचं लिहिते. ह्यांची विम्याची पॉलिसी आहे, १९९९ ची, अंबडच्या कंपनीत कामाला लागले तेव्हा काढलेली. तेव्हा लग्न झालेलं नव्हतं म्हणून नॉमिनी म्हणून बहिणीचं, म्हणजे तुमचं नाव टाकलं. त्यात चूक काही नाही. पण आता आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, सायली सोळाची झाली, आणि नाव अजून तुमचंच आहे. मागच्या आठवड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला बँकेच्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी एकेकीला उभं करून विचारलं, तुझ्या नवऱ्याच्या पॉलिसीवर नाव कोणाचं? अकराजणींत सातजणींना पत्ताच नव्हता. चिमणाबाईंच्या नवऱ्याच्या पॉलिसीवर सासूचं नाव निघालं आणि सासूला जाऊन नऊ वर्षं झाली. मी म्हटलं, नणंदेचं. तेव्हा सगळ्या माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघायला लागल्या.

नाव बदलायला एक फॉर्म लागतो आणि पॉलिसीचा मूळ कागद, ज्याला बाँड म्हणतात तो. ह्यांना सांगितलं, फॉर्म आणा. ते म्हणाले, बाँड ताईच्या कपाटात आहे, ती मेली तरी देणार नाही, तू त्या भानगडीत पडू नकोस. मी भानगडीत पडते आहे. बाँड रजिस्टरने पाठवा. टपालखर्च मी देईन.

सायलीचा नमस्कार.

रूपाली


इंदिरानगर, नाशिक
१० जून २०२५

सौ. रूपाली हिला,

पत्र मिळालं. इथे आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण तुझ्यासाठी माझ्याजवळ शिल्लक नाहीत.

चौतीस वर्षं मी शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. कोडगी मुलं पुष्कळ पाहिली. एकाने ऑफिसची काच फोडली आणि दुसऱ्या दिवशी मलाच विचारलं, बाई, इथे काच होती ती कुठे गेली? तुझं पत्र वाचून तो आठवला. बाँड मागतेस. तोही माझ्याकडे. लिहिताना हात जरा तरी अडखळला का?

गोट्या सहा वर्षांचा असताना आई गेली. मी चोवीस वर्षांची होते. माझं लग्न ठरत आलं होतं ते मोडलं. मोडलं म्हणजे मीच मोडलं, कारण त्या लोकांना सून हवी होती, तिच्याबरोबर येणारा शेंबडा भाऊ नको होता. गोट्याला मी वाढवला, आयटीआय करवलं, अंबडला चिकटवला आणि पहिल्या पगारात ती पॉलिसी काढायला लावली. त्या रकान्यात मग कोणाचं नाव घालायला हवं होतं? पेठच्या स्टँडवर वेणी घालून उभ्या असलेल्या, दहावीही न झालेल्या एका मुलीचं?

मला त्या पैशांशी काही देणंघेणं नाही. मला पेन्शन आहे आणि ती मला पुरून उरते. पण नवरा चालता-बोलता असताना तो गेल्यावर आपल्या हातात काय पडेल, हे चहा-बिस्किटांबरोबर चर्चेला घेणाऱ्या अकरा बायका डोळ्यांसमोर आल्या आणि मला कुणीतरी घाणेरड्या फडक्याने तोंड पुसल्यासारखं झालं. याला बचत गट म्हणतात! चिमणाबाईला माझ्यातर्फे सांग, सासू गेली हे नऊ वर्षांनी लक्षात आलं त्याबद्दल अभिनंदन.

पुन्हा लिहू नकोस.

उज्वला


मळा, ता. निफाड
१८ जून २०२५

ताई,

पुन्हा लिहू नकोस म्हणालात, म्हणून पुन्हा लिहिते.

तुमच्या गोट्याच्या छातीत मे महिन्यात दुखायला लागलं. नाशिकला नेऊन तपासलं. हृदयाला रक्त नेणाऱ्या दोन नळ्या तुंबल्या आहेत. एक जुलैला त्यात स्टेंट बसवायचा आहे. ताईला सांगू नको, तिला सोसायचं नाही, असं ते म्हणाले म्हणून मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. आता लिहिते, कारण तुम्हाला सगळं सोसतं असं दिसतंय.

नवरा गेल्यावर काय पडेल याची चर्चा करणारी बाई तुम्हाला घाण वाटते ना? मग ऐका. मळ्याच्या सातबाऱ्यावर ह्यांचं आणि दोन चुलतभावांचं नाव आहे, माझं नाही, आणि वाटणी अजून झालेली नाही. घर मळ्यातच आहे. माझ्या नावावर एक शिलाई मशीन आहे, तेही गटाच्या कर्जातलं. उद्या ह्यांना काही झालं तर माझ्या आणि सायलीच्या वाट्याला ती पॉलिसी सोडून काही नाही. आणि तिचा हप्ता कोण भरतं ते तुम्हाला माहीत आहे का? २०१२ ला ह्यांची कंपनी बंद पडली. तेव्हापासून दर मार्चला हप्त्याचे पैसे मी ह्यांच्या हातात ठेवते. द्राक्षं पॅकिंगची मजुरी आणि लोकांचे ब्लाउज शिवून. तेरा वर्षं मी भरते आहे आणि नाव तुमचं आहे. शाळेत याला काय म्हणतात ते तुम्ही सांगा.

आणखी एक. तुम्हाला पैशांचं काही नाही हे खरं आहे. नाहीतर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत लाडक्या भावाला उडवायला तुम्ही एवढे पैसे दिले नसते. गावभर मटण झालं, डिजिटल बोर्ड लागले, आणि मतं पडली त्रेसष्ट. त्या पैशांत माझ्या पोरीचं शिक्षण झालं असतं.

बाँड पाठवा.

रूपाली


इंदिरानगर, नाशिक
२३ जून २०२५

रूपाली,

दोन नळ्या तुंबल्या आहेत आणि हे मला महिन्याभराने, भांडणाच्या पत्रात, हप्त्याच्या हिशेबाआधी कळतं. कोणतं हॉस्पिटल, कितवा मजला, ताबडतोब कळव. मी येईन. तुला भेटायला नाही.

आता बाँडचं. तू हे नाटक कुणासाठी करते आहेस ते मला समजत नाही. बाँड माझ्याकडे नाही हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. २०२० च्या भाऊबीजेला मी गोट्याला ओवाळलं. त्याने ताटात शंभराची नोट टाकली आणि टोपी न काढताच म्हणाला, ताई, तो बाँड दे. रूपाली झोपू देत नाही, तिला तिथे तिचं नाव लावायचंय. मी उठले, कपाट उघडलं, बाँड काढून त्याच्या हातात दिला. त्याला शिरा वाढला. दोन वाट्या खाल्ला त्याने. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडले, हे तुला सांगायचं कारण नाही, पण लिहून गेले तर राहू दे. त्या दिवसापासून मी तुझा फोन उचलत नाही.

पाच वर्षं मी धरून चालले आहे की माझं नाव खोडून तुझं लागलं. लागू दे म्हटलं. आणि आता तू मलाच विचारतेस, बाँड कुठे आहे?

निवडणुकीचं तर तू बोलूच नकोस. मी एक रुपया दिलेला नाही. तुझ्या बापाने पेठला भाताचं खाचर विकून जावयाला उभं केलं हे मला गोट्यानेच सांगितलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, सासरा मूर्ख असला की जावई पुढारी होतो.

हॉस्पिटलचं नाव कळव.

उज्वला


मळा, ता. निफाड
६ जुलै २०२५

ताई,

हॉस्पिटलात आपण तीन तास एका बाकावर बसलो. तुम्ही एवढंच बोललात, पाणी आहे का? मी बाटली दिली. प्यायच्या आधी तुम्ही तिचं तोंड पदराने पुसलंत. मी पाहिलं. स्टेंट बसला असं डॉक्टर सांगायला आले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलात, तेही पाहिलं. तुमच्या शेजारी बसून तोंडाने बोलायला मला जमलं नाही. पत्रातच बरं.

त्या भाऊबीजेला मी बाँड मागितला नव्हता. शपथ घेत नाही, कारण माझ्या शपथेची तुमच्याकडे काय किंमत होईल ते मला माहीत आहे. नॉमिनी म्हणजे काय हेच मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पॉलिसीवर तुमचं नाव आहे हेही मागच्या वर्षी, ट्रंकेत जुनी पावती सापडली तेव्हा कळलं.

माझ्या वडिलांनी खाचर विकलेलं नाही. एकच खाचर आहे, या आठवड्यात त्यात भात लावला. निवडणुकीचे पैसे कुठून आले हे मी विचारलं होतं. ह्यांनी सांगितलं, ताईने तिच्या फंडातले दिले, पण तिच्याकडे विषय काढू नको, तिला आवडायचं नाही. मी कशाला काढते? तुम्ही फोनच उचलत नव्हता.

घरी आणल्यावर बाँडचं विचारलं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. म्हणाले, "डॉक्टर काय बोलले ऐकलं ना? मला टेन्शन द्यायचं नाय." चार दिवसांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की सायली त्यांची नक्कल करते. हप्त्याच्या पावत्या मागितल्या तर म्हणतात, आता सगळं ऑनलाइन असतं, तुला नाय कळायचं.

ताई, आपण दोघी एकमेकींशी बोलत नाही याची ह्यांना फार सोय झालेली दिसते. मी मळ्यातून कुठे जाऊ शकत नाही. तुम्ही शहरात आहात. पोरांच्या चोऱ्या पकडायची तुम्हाला सवय आहे. शोधा.

रूपाली


इंदिरानगर, नाशिक
१५ जुलै २०२५

रूपाली,

शोधलं.

ती पॉलिसी ज्याने विकली तो गेणू एजंट सिडकोत राहतो. दारावर 'विमा सल्लागार' अशी सोनेरी पाटी आहे आणि बेल बंद आहे. आत गेले तर बनियनवर बसून टीव्ही पाहत होता. मला पाहून शर्ट घातला, चहा सांगितला. मी नको म्हटलं.

"गोटीरामची पॉलिसी," मी म्हटलं. "नव्व्याण्णव सालची."

"ती? मॅडम, ती तर केव्हाच सरेंडर झाली."

सरेंडर म्हणजे मुदतीआधी मोडणं. बाँड ऑफिसात जमा करायचा, जी काय रक्कम मिळेल ती उचलायची, संपलं. पुढे ना विमा, ना हप्ता, ना नॉमिनी. मी विचारलं, कधी?

"वीस सालच्या डिसेंबरात. माझंपण कमिशन बंद झालं ना तेव्हापासून. लय समजावलं मी, गोटूशेठ, नऊच वर्षं राहिली, मोडू नका. तर मला बोलले, सरपंच झालो की अशा दहा काढू. मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे. घरच्यांना विचारूनच केलं बोलले."

घरच्यांना. भाऊबीजेला बाँड नेला, महिन्याभरात मोडला, जानेवारीत मटण घातलं. ज्या नावासाठी तू मला आणि मी तुला शिव्या घालत होतो तो कागदच नाही. तुझं नाव नाही, माझं नाही. त्रेसष्ट माणसांनी तो खाल्ला, आणि खाऊन मत दुसऱ्याला देणारे वेगळे.

त्यानंतर पाच मार्च उलटले. पाच वेळा तू हप्ता म्हणून त्याच्या हातात पैसे ठेवलेस. ते कशाचे होते हे तूच विचार. मला विचारवत नाही.

गेणूच्या घरातून बाहेर पडले तर रिक्षा मिळेना. चालत सुटले. मी त्याला वाढवला, रूपाली. त्याच्या वहीत खोटी सही सापडली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मी मारलं नाही, कारण आई नसलेलं पोर. मला लाज वाटते. हे एक वाक्य लिहायला दोन दिवस गेले म्हणून पत्राला उशीर झाला.

तुझ्याबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही. पण पाच वर्षं जो संताप मी तुझ्यावर खर्च केला तो तुझा नव्हता, एवढं मान्य करते.

उज्वला


मळा, ता. निफाड
२२ जुलै २०२५

ताई,

तुमचं पत्र मी ह्यांच्यासमोर, सायलीसमोर मोठ्याने वाचलं. पहिल्या पानाला म्हणाले, "ताईचं वय झालंय, तिला काय आठवत नाय." दुसऱ्या पानावर गेणूचं नाव आलं तेव्हा रडायला लागले. त्यांचं रडणं तुम्हाला माहीत असेल. खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरतो. त्या ओठावर मी वीस वर्षं विरघळत आले. या वेळी गोळ्या दिल्या, पाणी दिलं आणि मशीनवर जाऊन बसले. सोनवण्यांच्या मुलीचे परकर द्यायचे होते.

पाच मार्चच्या पैशांचं काय केलं विचारलं. थोडे पेट्रोलला, थोडे कार्यकर्त्यांच्या चहाला आणि बाकीचे पुढच्या तयारीला गेले. मी म्हटलं, कसली पुढची तयारी? म्हणाले, "निवडणूक परत लागंल ना. या वेळेला वातावरण चांगलं हे."

मी हसले ताई. खरंच हसले. सायली घाबरली.

राग आला आहे का, ते मला अजून कळत नाही. भीती वाटते. सायलीला बारावीनंतर नर्सिंगला जायचं आहे. दर मार्चला तो हप्ता देताना मला बरं वाटायचं. अंगावर नवीन साडी नसायची, पण वाटायचं, कुठेतरी एक कागद आहे आणि तो आपला आहे. उन्हात पॅकिंगला उभी राहायचे ती त्या कागदाच्या जोरावर. तो पाच वर्षांपूर्वीच गेला होता आणि मी जोर धरून उभी होते. माझ्याइतकी मूर्ख बाई तुमच्या शाळेत कधी आली होती का?

ते पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येणार आहेत. तुम्हाला समजावतो म्हणतात.

रूपाली


(दाराखालून सरकवलेली चिठ्ठी)
रविवार, ३ ऑगस्ट

ताई,

तीन वेळा बेल वाजवली. आत टीव्ही चालू आहे म्हणजे तू आहेस. आजारी भावाला पायऱ्या चढायला लावून दार उघडत नाहीस, हे तुला शोभत नाही. जाऊ दे. मी राग धरत नाही, माझा स्वभावच नाही तो.

झालं ते झालं. मी काय दारूत घालवले का? समाजासाठी उभा राहिलो. गणित थोडं चुकलं. आता घरात रूपाली तोंड फुगवून बसलीय आणि डॉक्टरांनी मला टेन्शन सांगितलेलं नाही. तू एक काम कर. तिला लिही की गेणूची माहिती चुकीची आहे, तो पितो, पॉलिसी चालू आहे. ती तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवते.

दुसरं. तुझी स्वतःची पॉलिसी आहे त्यावर नॉमिनी मीच आहे, म्हणजे शेवटी ती माझीच. तिच्यावर तू आता थोडं कर्ज काढ. त्यातून मी एक नवी पॉलिसी घेतो, रूपालीचं नाव टाकतो आणि बाँड तिच्या हातात देतो. तिचं समाधान, तुझं नाव मोठं, मी मोकळा. कोणाचंच नुकसान नाही.

खाली गाडी लावायला जागा नाही म्हणून निघतो. दिवाळीत येईनच. शिरा कर.

तुझाच
गोट्या


इंदिरानगर, नाशिक
५ ऑगस्ट २०२५

रूपाली,

सोबत तुझ्या नवऱ्याची चिठ्ठी जोडली आहे. सायलीलाही वाचायला दे. नर्सिंगला जायचं तर अशी माणसं तिने वेळीच ओळखायला शिकलं पाहिजे.

'म्हणजे शेवटी ती माझीच' या ओळीखाली लाल रेघ माझी आहे. सवय आहे. त्या माणसाला हेही ठाऊक नाही की स्टेंट बसून महिना झालेल्याला विमा देणारं ऑफिस अजून उघडायचं आहे. सरपंच व्हायला निघाला होता!

तो दाराबाहेर उभा होता तेव्हा मी आत खुर्चीवर बसले होते. त्याच्या चपलांचा आवाज मला ओळखू येतो. उठावंसं वाटलं. दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. मग ही चिठ्ठी आत आली, आणि उठले नाही याचं बरं वाटलं.

काल विम्याच्या ऑफिसात जाऊन नॉमिनी बदलायचा फॉर्म आणला. एकच पान आहे. याच एका पानासाठी तू मला जूनपासून पत्रं लिहिते आहेस हे पाहून गंमत वाटली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजी, जुनं नाव काढून कोणाचं टाकायचं? मी म्हटलं, घरी जाऊन भरते. फॉर्म टेबलावर आहे. रकाना कोरा आहे. तुझं नाव लिहावं असा विचार येऊन गेला. तू हुरळून जाशील, म्हणून याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

उज्वला


मळा, ता. निफाड
१४ ऑगस्ट २०२५

ताई,

माझं नाव लिहू नका.

तुमचा राग नाही. पण कोणीतरी मेल्यावर आपलं काहीतरी होईल, या आशेवर मी तेरा वर्षं काढली. आता आणखी एका माणसाच्या मरणाची वाट बघत बसायचं, तेही तुमच्या, हे मला नको. तुम्ही बाटलीचं तोंड पुसणाऱ्या आहात. तुमच्या पैशांवर बसून मला घास गिळायचा नाही.

मी दुसरं केलं आहे. बँकेच्या मॅडमना बोलावून माझी स्वतःची पॉलिसी काढली. लहानच आहे. दर मार्चला जे पैसे ह्यांच्या हातात ठेवायचे त्यातच बसते. हप्ता माझ्या खात्यातून परस्पर जाईल, कोणाच्या हातात द्यायचा नाही. विमा उतरवायचा तर मळ्यात जी राबते तिचा, हे इतकी वर्षं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

नॉमिनी सायली. पण ती अठराची नाही. म्हणून तिच्या वतीने पैसे घेऊन तिच्यासाठी सांभाळणारा एक मोठा माणूस लिहून द्यावा लागतो, त्याला अपॉइंटी म्हणतात. मॅडमनी मला न विचारताच तिथे बापाचं नाव लिहिलं. सगळ्याजणी तसंच लिहितात म्हणे. मी म्हटलं, हा फॉर्म फाडा, दुसरा द्या. त्या म्हणाल्या, मग कोणाचं? ओट्यावर भाजी निवडणाऱ्या ह्यांच्या काकू आक्काबाई ऐकत होत्या, ह्यांचे चुलतभाऊ ऐकत होते. मी तुमचं नाव सांगितलं.

तुम्ही मला आवडत नाही, ताई. माझ्या पोरीच्या पैशांतला एक रुपया तुम्ही कोणाला खाऊ देणार नाही, हे मात्र मला माहीत आहे. तिच्या बापालाही नाही. मुख्य म्हणजे तिच्या बापाला नाही.

फॉर्म सोबत आहे. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे तुमची सही लागते. अपॉइंटीची संमती असावी लागते म्हणे. नको असेल तर फॉर्म कोरा परत पाठवा. मी दुसरं कोणीतरी बघेन, पण कोण, ते मला माहीत नाही.

रूपाली


इंदिरानगर, नाशिक
१९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रूपालीस
अनेक आशीर्वाद.

फॉर्म सही करून सोबत पाठवला आहे. ओळख पटवायला आधारची प्रत लागते, ती तुझ्या मॅडमना सुचली नाही, मी जोडली आहे. जन्मतारखेत सायलीचा महिना चुकवला होता, तो खोडून बाजूला तू सही कर. अशा बायका बँकेत कशा लागतात कोण जाणे.

अपॉइंटी म्हणून बेचाळीस वर्षांच्या बाईने अडुसष्ट वर्षांची म्हातारी निवडावी, हा निव्वळ गाढवपणा आहे हे तुला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. मला रक्तदाब आहे. गुडघे गेले आहेत. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मी तीन वर्षं पुढे ढकलते आहे, कशासाठी दिसायला हवं म्हणून. तुझा फॉर्म वाचल्यावर डॉक्टरांना फोन करून सोमवारची वेळ घेतली.

माझ्या फॉर्मचा रकानाही भरला. तू नको म्हणालीस म्हणून तुझंच नाव लिहिलं. मागणाऱ्यांना आयुष्यभर देऊन मी काय मिळवलं ते तुझ्या ओसरीवर गोळ्या खात बसलं आहे. नात्याच्या जागी भावजय असं लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने भाऊ हयात आहे का म्हणून विचारलं. आहे म्हटलं, पण त्याच्याशी याचा संबंध नाही.

सायली १४ मार्च २०२७ ला अठरा पूर्ण करते. तोपर्यंत मी मरणार नाही. शाळेत असताना मी दिलेला शब्द मोडला असं एकही पोर सांगू शकणार नाही. पण मी इथे दीड वर्ष तग धरायची आणि तू तिकडे उन्हात पॅकिंगला उभी राहून जीव टाकायचा, हे चालणार नाही. डोक्याला रुमाल बांधत जा. वेळेवर जेवत जा.

मला तुझ्या पैशांना हात लावायचा नाही.

उज्वला